फरक सस्पेन्सला टाका

सांगलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणतात. पत्र चार पानी आहे, थोडक्यात देते:

"मी ४४ वर्षांची. एका सहकारी बँकेत कॅशवर असते. २०१९ च्या पुरात आमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं होतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये त्यावर कादंबरी लिहायला घेतली. हळदीच्या अडत दुकानात उभा जन्म काढलेले एक दिवाणजी आणि त्यांचं घर, अशी गोष्ट आहे. माझे सासरेही पेठेतच होते. पुरानंतर चार महिन्यांनी ते गेले. दिवाणजी थोडेफार त्यांच्यावर बेतलेत. आजवर ११२ पानं झाली. पहिली तीन प्रकरणं पाच वेळा नव्यानं लिहून काढली, तरी मनासारखी उतरत नाहीत. पाणी घराच्या तिसऱ्या पायरीला लागलंय आणि गेले आठ महिने तिथंच थांबलंय. साडेचारचा गजर लावून बघितला, नऊ दिवस टिकला. ऑनलाइन कोर्स केला. घरी नवरा, दहावीतली मुलगी आणि ७८ वर्षांच्या सासूबाई. आठवड्यातून तीनदा संध्याकाळी मुलीला क्लासला सोडते, मधल्या दीड तासात घरी येऊन स्वयंपाक उरकते, मग आणायला जाते. नवरा म्हणतो, 'लिही की, तुला कोण नको म्हणतंय?' माझ्या मैत्रिणीच्या कथा दर वर्षी दिवाळी अंकांत येतात. मला आता वहीकडे बघवत नाही. उमेद कशी टिकवायची? की हा नुसता हट्ट आहे?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती आणि एकाच वाक्याखाली रेघ मारली: पहिली तीन प्रकरणं पाच वेळा लिहून काढली. तीन प्रकरणं म्हणजे चाळीस पानं तरी धरू. चाळीस पाचे दोनशे, आणि पुढची बहात्तर. नोकरी, संसार, कोविड, सासऱ्यांचं जाणं, मुलीची दहावी हे सगळं निभावून तुम्ही पावणेतीनशे पानं लिहिलीत. एवढ्यात एक अख्खी कादंबरी लिहून झाली असती. उमेद संपलेल्या बाईच्या हातून हे होत नाही. तुमची मेहनत भरपूर झालीय, फक्त ती सगळी एकाच ठिकाणी जिरलीय.

असं का झालं असावं, याचा माझा एक अंदाज आहे. तो तुमच्या नोकरीवरून बांधलाय.

माझी थोरली बहीण बँकेत होती. तीही कॅशवरच. संध्याकाळी कॅश जुळेपर्यंत तिला उठता यायचं नाही. दहाची एक नोट इकडची तिकडे झाली की सगळी व्हाउचरं पुन्हा पालथी, बंडलं पुन्हा मोजायची, बोटाला पुन्हा ओला स्पंज. घरी येऊन जेवतानासुद्धा तिची बोटं ताटाच्या कडेवर मोजत असायची. ही सवय वर्षानुवर्षं अंगात मुरते, आणि ती मुरावीच, नाहीतर लोकांच्या पैशांचं काही खरं नाही. पण तीच सवय घेऊन तुम्ही वहीपुढं बसता. आजचं पान जुळत नाही तोवर उद्याचं पान उघडायचं नाही, असा तुमचा कारभार चाललाय. कादंबरीचं पान त्या दिवशी जुळतच नसतं, हो. तिसऱ्या प्रकरणात दिवाणजी मुलाला काय बोलले पाहिजेत, हे सतराव्या प्रकरणात मुलगा काय करतो त्यावर ठरतं. सतरावं अजून लिहिलंच नाही तर तिसरं जुळणार कुठून?

आणि मला सांगा, बँकेत फरक सापडलाच नाही तर काय करता? तिथंच अंथरूण घालता का? साहेबांची सही घेता, फरक सस्पेन्सला, म्हणजे न उलगडलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्याला टाकता आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर काउंटर उघडता. (कमी पडलेले पैसे शेवटी कॅशियरच्याच खिशातून जातात, हे मला ठाऊक आहे. तेवढ्यापुरता दाखला लंगडा आहे.)

वहीतही सस्पेन्स खातं उघडा. दुकानाचं वर्णन पोकळ वाटतंय? समासात एक 'स' लिहा आणि पुढं चला. धाकट्या जावेचं नाव दर प्रकरणात बदलतंय? 'स'. पुराच्या दिवशी वार कोणता होता आठवत नाही? 'स', आणि कॅलेंडर बघायला उठायचं नाही. मोबाइल तर हातातच घ्यायचा नाही. वार बघायला जाल आणि आतेबहिणीच्या डोहाळजेवणाचे फोटो बघून परत याल. वहीच्या शेवटच्या पानावर या सगळ्या 'स'ची यादी ठेवा. खर्डा संपला की तीच यादी घेऊन बसायचं आणि एकेक नोंद मिटवायची. तुम्हाला त्या कामाची आवडही असणार.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यात क्रमशः येत गेली. याचा लिहिणाऱ्याच्या बाजूनं अर्थ काय, ते बघा. आठवड्यामागून आठवडा मजकूर द्यायचा, आणि छापून गेलेलं प्रकरण वाचकांच्या घरी पोचलेलं. ते परत मागवून सहाव्यांदा कसं लिहिणार? पुढं जाण्यावाचून गत्यंतर नाही. तुमच्यामागं छापखान्याचा माणूस उभा नाही, म्हणून ती सक्ती तुमची तुम्हालाच करून घ्यावी लागेल. ती ११२ पानं बांधा आणि लोखंडी कपाटात टाका. कुलूप लावा. खरंच लावा, मनातल्या मनात नको. नवी वही घ्या, दोनशे पानी, साधी, आणि पहिल्या ओळीला पाणी तिसऱ्या पायरीला.

इथवर लिहिलं आणि मी थांबले. तुमचं पत्र पुन्हा काढलं. कारण दुसरंही काहीतरी आहे, आणि ते जास्त अवघड आहे.

पाणी तिसऱ्या पायरीलाच का थांबलं? दुसरीला नाही, उंबऱ्यावर नाही. सांगलीचं माणूस पुराबद्दल बोलताना आधी फूट सांगतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्नच्या वर गेलं. तुम्ही चार पानी पत्रात कादंबरीची पानं मोजलीत, गजर टिकला ते दिवस मोजलेत, पण तुमच्या घरात पाणी किती चढलं ते लिहिलं नाहीत. त्या रात्री कोण कुठं होतं, तेही नाही. सासऱ्यांवर तीन छोटी वाक्यं आहेत आणि त्यांच्या पुढच्या वाक्यात लगेच पानांचा हिशेब.

मी तुमच्या घरात डोकावून बघू शकत नाही, चुकतही असेन. पण दिवाणजींच्या घरात चौथ्या पायरीला जे व्हायचंय ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि ज्यांना ते तुमच्याइतकंच ठाऊक आहे त्या सासूबाई पलीकडच्या खोलीत झोपलेल्या असतात. अशा वेळी पहिलं प्रकरण सहाव्यांदा सुधारणं फार सोयीचं पडतं. लिहिल्यासारखंही होतं आणि पाणी जागचं हलत नाही.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. एकोणतीस वर्षं मी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली आणि पहिली कादंबरी लिहायला त्यातली नऊ घालवली. नऊपैकी दोन वर्षं एका प्रकरणापायी गेली. वडील पिऊन आले आणि आईनं दार उघडलं नाही, अशी एक रात्र होती. आमच्या आळीतल्या सगळ्यांनी ती ऐकली होती, तरी ती कागदावर आणायची माझी छाती होत नव्हती. आधीची प्रकरणं मी इतकी घासली की त्यातला जीव गेला. शेवटी एका पावसाळी दुपारी, साहेब दौऱ्यावर असताना, जुन्या परिपत्रकांच्या पाठकोऱ्या कागदांवर ते प्रकरण लिहिलं. चांगल्या वहीत लिहायचा धीर नव्हता. पाठकोऱ्या कागदाचं बरं असतं, तो फाडायला जीव दुखत नाही, म्हणून त्यावर खरं लिहिलं जातं. अकरा कागद झाले. घरी आणले, तांदळाच्या डब्याखाली ठेवले. महिनाभर कुणाला दाखवले नाहीत, मीही बघितले नाहीत. पुढं पुस्तकात त्यातले चारच आले. पण त्या दुपारनंतर उरलेली कादंबरी चौदा महिन्यांत झाली.

तेव्हा नवी वहीसुद्धा सध्या राहू दे. बँकेत एका बाजूनं छापलेला कागद ढिगानं निघत असेल. त्यातला गिऱ्हाइकांची माहिती नसलेला बघून घ्या आणि चौथी पायरी त्यावर लिहा. लिहिणं वेगळं, दाखवणं वेगळं आणि छापणं त्याहून वेगळं. तीन वेगवेगळ्या दिवशी घ्यायचे हे तीन निर्णय आहेत. तुम्ही तिन्ही एकदम डोक्यावर घेऊन बसलाय.

आता वेळेचं. साडेचारचा गजर बंद करा. दिवसभर नोटा मोजणाऱ्या बाईची झोप मोडून कादंबरी होत नाही, चुका होतात, आणि त्या तुमच्या पगारातून जातात. पहाटे उठून लिहिणारे असतात. त्यांचा चहा बहुधा दुसरं कुणीतरी करतं.

तुमच्याकडं वेळ आहे आणि तो तुम्हीच पत्रात लिहिलाय. आठवड्यातून तीन संध्याकाळी दीड-दीड तास. तुम्ही क्लासच्या दारातून घरी परत फिरता ते कुकर लावायला. नवरा म्हणतो, कोण नको म्हणतंय. खरंच कुणी नको म्हणत नाही, फक्त कुकर कुणी लावत नाही. त्यांच्याशी भांडू नका, 'मला साथ द्या' असं मोघमही बोलू नका, त्यावर ते 'हो' म्हणतील आणि विषय संपेल. दिवस आणि भांडं नेमून द्या. "मंगळवार, गुरुवार, शनिवार कुकर आणि भाजी तुमची. मी मुलीला घेऊनच येईन." भात गिचका होईल. पहिले पंधरा दिवस होईलच. मुकाट्यानं खा आणि "छान झालाय" म्हणा. कादंबरीपायी माणसाला एवढं खोटं माफ असतं.

क्लासजवळ बसायला जागा हवी. देवळाचा कट्टा, वाचनालय, नाहीच तर स्कूटीवर बसून मांडीवर वही. घर मात्र नको. घरात तुम्ही दिसलात की तेल कुठं आहे हे सगळे विसरतात.

दीड तासातला जाण्यायेण्याचा आणि स्थिरावण्याचा वेळ सोडला तर तास हातात राहतो. त्यात दोनशे शब्द धरा, जास्त नकोत. आठवड्याचे सहाशे. तुमच्या हस्ताक्षरातली ११२ पानं म्हणजे वीस हजार शब्द तरी असतील. साठ हजारांची कादंबरी धरली तर चाळीस हजार उरले, म्हणजे सदुसष्ट आठवडे. आता त्यात मार्च एंड टाका, शून्य. ऑडिटचे पंधरा दिवस, शून्य. मुलीची परीक्षा, दिवाळी, घरातली आजारपणं, सगळी शून्यं आधीच मांडून ठेवा. क्लासही परीक्षेबरोबर संपेल, तेव्हा तीन संध्याकाळी मात्र सोडायच्या नाहीत, कुकरही परत घ्यायचा नाही. दोन वर्षं लागतील. हे ऐकून तुम्ही निराश व्हाल असं मला वाटत नाही. बँकेतल्या माणसाला मुदत कळली की बरं वाटतं, त्रास होतो तो बेमुदत कर्जाचा.

एक छोटी युक्ती माझ्याकडून. उठताना वाक्य पुरं करू नका. "दिवाणजींनी खुंटीवरची पिशवी काढली आणि" एवढंच लिहून वही मिटा. गुरुवारी बसाल तेव्हा आधी ती पिशवी कुठं जाते ते लिहावं लागेल, आणि तोवर हात चालू झालेला असेल. मधल्या दोन दिवसांत कॅश मोजतानाही ती पिशवी डोक्यात लोंबत राहते. कादंबरीशी बोलणं तुटत नाही, ते असं.

सासूबाईंबद्दल. त्यांना पुराबद्दल काही विचारू नका. मेथी निवडायला घ्या आणि सासऱ्यांच्या कपड्यांबद्दल विचारा. हळदीच्या पेठेतून आलेल्या माणसाचं धोतर आणि सदरा या बाईनं किती वर्षं धुतला असेल! हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आपण सगळ्याच जणी जाणतो. पण रोज बादलीभर पाणी तसं लाल होताना बघणं कसं असेल? उन्हात डाग विटायचे का? चांगला सदरा वेगळा ठेवायचे का, लग्नकार्याचा? हे तुमच्या ११२ पानांत आहे का मला ठाऊक नाही. नसेल, तर पहिलं प्रकरण पाचदा लिहूनही मनासारखं का उतरलं नाही, त्याचं एक कारण तिथं बादलीत सापडेल. बोलता बोलता त्या स्वतःच पुरावर आल्या तर ऐका. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं तर त्यांना सांगून करा.

मैत्रिणीचं थोडक्यात. मत्सर वाटतो तो वाटू दे. तिला दर दिवाळीला चार माणसं "वाचली हं तुमची कथा" म्हणतात आणि तुम्हाला गेल्या सहा वर्षांत कुणी काही म्हटलेलं नाही, हे खरंच जड जातं. त्या मैत्रिणीबरोबरच भिशी लावा. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघींनी पाच-पाच पानं आणायची, पैशांऐवजी पानं. वाचून मत द्यायचं नाही, "बापरे" नाही आणि "छान" नाही. फक्त पुढं काय होतं एवढंच विचारायचं. नाही आणली तर मिसळीचे पैसे तिनं किंवा तुम्ही द्यायचे. कोर्समध्ये जे शिकवलं असेल त्याहून हे स्वस्त पडेल.

होतकरू लेखकांना एक गोष्ट हटकून ऐकवली जाते, की भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' थोडक्या दिवसांत एकटाकी लिहिली गेली. ती ऐकून कितीजणांनी वह्या मिटल्या असतील! त्याच नेमाड्यांची 'झूल' १९७९ ची आणि पुढची 'हिंदू' २०१० ची, हे तितक्या उत्साहानं कुणी सांगत नाही. आणि तुम्हाला माझ्या मते त्याहून जवळचे आहेत श्री. ना. पेंडसे. मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत त्यांनी कोकणावरच्या कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या 'तुंबाडचे खोत'चे दोन जाडजूड खंड १९८७ साली आले, तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. तुम्ही चव्वेचाळीस. तीस वर्षं हाताशी धरा, मार्च एंड वजा जाता.

हा नुसता हट्ट आहे का, असं विचारलंत. हट्टच आहे, त्यात 'नुसता' कशाला? तुम्हाला सहा वर्षांत या गोष्टीनं एक रुपया दिला नाही, घरात कुणी मागितली नाही, आणि तरी वहीकडे बघवत नाही म्हणून तुम्ही अनोळखी बाईला चार पानी पत्र लिहिता. ते पत्रही, सांगू का, चांगलं लिहिलंय. एकदाही खोडलेलं नाही. ते तुम्ही पाचदा लिहून काढलं असेल तर मात्र मी हात टेकले.

शेवटचं, त्या कपाटाचं. ११२ पानांना कुलूप लावाल, पण किल्ली तुमच्याच कमरेला असेल तर आठवड्याच्या आत पहिलं प्रकरण बाहेर येईल. तुमची सवय मला एवढ्यात कळलीय. किल्ली सासूबाईंकडे द्या. त्या विचारतीलच, कपाटात एवढं काय ठेवलंय म्हणून. तेव्हा काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.